आईकडून आलेलं

माझी धाकटी बहीण आ-थोंग पाच वर्षांची असताना तिचा उजवा गुडघा सुजला, आणि त्या दिवसापासून माझी पहाट गेली.

पहाट माझी होती म्हणजे काय, ते आधी सांगते. आमचं घर ताइनानच्या खारट किनाऱ्यावर, माशांच्या तळ्यांच्या बांधाला लागून. बाबा लांब पल्ल्याच्या मासेमारी जहाजावर. वर्षातून दोनदा घरी येत, तेही पाहुण्यासारखे. घरात आजी, म्हणजे बाबांची आई, माझी आई आणि आम्ही दोघी. दिवस उजाडला की आई आणि आजी शेडमध्ये बुटक्या स्टुलांवर बसत आणि खाडीतून आलेली कालवं फोडत. सुरीच्या एका झटक्यात शिंपला उघडायचा, आतला मऊ जीव वाडग्यात. दिवसभर तीच टकटक, आणि दिवसभर आजीचं बोलणं.

मी सात वर्षांची होते. एका पहाटे पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात आई भिंतीला दोन्ही तळवे टेकून उभी. कमरेत वाकलेली. फणस उतरवावा तितक्या सावकाश ती स्वतःला उचलत होती.

"आई, काय करतेस?"

"श्श. पाठ उठवतेय."

"पाठ झोपते?"

"माझी झोपते. आळशी आहे मेली. सगळं अंग उठतं आणि ही पडून राहते."

मला हसू आलं. आईलाही आलं, पण हसताना तिचे ओठ दाबले गेले. मग तिने मला बोटाला धरलं आणि आम्ही बाहेर पडलो. तळ्याच्या बांधावरून एक फेरी, दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला आई ताठ झाली, बांबूसारखी. पाण्यावर धुकं होतं आणि बगळे अजून बोलायला लागले नव्हते.

"आजीला सांगू नकोस हं, आ-रोंग," आई म्हणाली. "मामाचं तिला माहीत आहेच. माझंही कळलं तर म्हणेल, वाकड्या घरातली वाकडी आणली."

खुन-शान मामा, आईचा भाऊ, पस्तिशीतच पुढे वाकला होता. इतका, की त्याला फक्त जमीन दिसे. आजी त्याला कोळंबी म्हणायची. तो स्वतःच हसायचा आणि म्हणायचा, "हरवलेलं सगळं मलाच सापडतं बघा. बटणं, किल्ल्या, एकदा तर कुणाचा तरी दात!"

तर पाठीचं गुपित आम्हा दोघींचं. आणि डोळ्याचंही. वर्षातून एकदा-दोनदा आईचा डावा डोळा लालबुंद व्हायचा, उजेड सोसायचा नाही. काळा चष्मा लावून ती कालवं फोडायची आणि म्हणायची, खारं पाणी उडालं. मग आम्ही बसने गावात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचो. आजीला सांगायचं, पोरीला बूट घ्यायचेत. खोटं पडू नये म्हणून बूट खरोखर घ्यावे लागत. दोन वर्षांत माझ्याकडे तीन जोड झाले.

"या पोरीचे पाय आहेत की भोपळे?" आजी म्हणायची. "बघावं तेव्हा वाढलेले!"

आई आणि मी एकमेकींकडे बघायचो नाही. बघितलं असतं तर फुटलोच असतो.

फिरताना आई गुणगुणायची. गाणी तिची तीच रचायची, पावलाच्या तालावर:

पहाटेच्या पाण्या, कुणाची वाट पाहशी
माझ्या आ-रोंगच्या गं, पावलाखाली वाहशी

माझं नाव घेऊन पाण्याशी बोलणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते माझं होतं.

मग तो गुडघा आला.

सकाळी उठल्यावर आ-थोंगला पाय सरळ करता येईना. गुडघा पावासारखा फुगलेला, हात लावला की गरम. हाडवैद्याने झाडपाल्याचा लेप लावला, गावातल्या डॉक्टरने पाणी काढलं. आठवड्यात पुन्हा भरलं. तिचा पाय मोकळा व्हायला सकाळचे दोन तास लागायचे, म्हणून आई पहाटे तिच्याजवळ बसू लागली. गरम पाण्यात टॉवेल बुडवायचा, पिळायचा, गुडघ्यावर ठेवायचा, निवला की पुन्हा. मी दारात बूट घालून उभी.

"आई, जायचं ना?"

"तू जाऊन ये गं आज."

तो 'आज' तीन वर्षं चालला. आईची स्वतःची पाठ कधी मोकळी व्हायची कोण जाणे. वाकलेल्या पाठीनेच ती वाकलेल्या गुडघ्याला शेकायची. आणि एके दिवशी मी दाराआडून ऐकलं:

पहाटेच्या पाण्या, कुणाची वाट पाहशी
माझ्या आ-थोंगच्या गं, गुडघ्यावरून वाहशी

चाल तीच, पाणी तेच. फक्त माझं नाव काढून तिथे तिचं बसवलेलं. मी एकटीच बांधावर गेले आणि बगळ्यांना दगड मारले.

एकदा मीही म्हटलं, माझा गुडघा दुखतो. आईने हातातला टॉवेल ठेवला, माझा गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला. दोन मिनिटं तिचे गरम, ओले हात माझ्या पायावर होते. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी नको गं. तू तरी धड राहा."

धड असण्याची शिक्षा असते हे मला तेव्हा कळलं.

ताइनानच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर ल्यांग भेटल्या. लहान मुलांच्या सांध्यांच्याच डॉक्टर. आजी, आई, आ-थोंग आणि मी, चौघी त्यांच्या खोलीत. त्यांच्या भिंतीवर एक तक्ता होता, सात घरांचा.

"मुलांचा संधिवात एक नसतो," त्या म्हणाल्या. "सात तऱ्हा आहेत. काहींना ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. काहींचे पाच किंवा जास्त सांधे धरतात, त्यातही रक्ततपासणीवरून दोन घरं. काहींच्या कातडीवर चट्टे. काहींचा पाठीच्या कण्याशी आणि टाचेशी संबंध. आणि हे सातवं घर, जे कुठेच बसत नाहीत किंवा दोन घरांत बसतात त्यांचं."

"आमची कुठल्या घरातली?" आजीने विचारलं, स्थळ आल्यासारखं.

"एक गुडघा, एक घोटा. चार किंवा कमी सांधे, म्हणून सध्या या घरात. हे त्यातल्या त्यात सौम्य. पण डोळ्यांत न दुखता सूज येऊ शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी डोळे तपासायचे." मग त्यांनी पेन उचललं. "घरात कुणाला सांध्यांचा, पाठीचा, डोळ्यांचा त्रास? कातडीचे चट्टे?"

"त्साई घराण्याच्या चार पिढ्या मला पाठ आहेत," आजी म्हणाली. "एक माणूस वाकडा नाही."

"आणि तुमच्याकडे?" डॉक्टरबाईंनी आईला विचारलं.

आईने आधी आजीकडे बघितलं. मग म्हणाली, "काही नाही."

मी बाकावर बसून माझ्या बुटांकडे बघत होते. परतीच्या बसमध्ये आईने न बोलता माझा हात घट्ट दाबला. लाज वाटते, पण सांगते: मला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. आ-थोंगला गुडघा मिळाला होता, टॉवेल मिळाला होता, गाणं मिळालं होतं. पण आईचं गुपित अजून माझ्याकडे होतं.

तीन वर्षं गेली. गुडघ्यात सुई झाली. दर शनिवारी पिवळ्या गोळ्या. त्या खाऊन आ-थोंग ओकायची. पुढे पुढे पिवळं काही बघितलं तरी ओकायची. आजीने भोपळा करणंच सोडलं. शाळेत जायला आई तिला पाठुंगळी घ्यायची. त्या पाठीवर! मी दोघींची दप्तरं घेऊन मागून चालायचे. आईची पाठ मलाच माहीत, आणि बसायला मिळे तिला.

आठव्या वर्षी आ-थोंग लंगडू लागली. आता खुब्यात पाणी. डॉक्टर ल्यांगनी रक्त पुन्हा तपासलं.

"हिच्या रक्तात एक खूण सापडली," त्या म्हणाल्या. "एचएलए बी-२७ म्हणतात तिला. पाठीच्या कण्याच्या संधिवाताशी तिचं नातं आहे. पण नुसती खूण म्हणजे आजार नव्हे. आपल्या इथे शंभरातल्या पाच-सहा जणांत ती असते आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही." त्या उठून तक्त्याजवळ गेल्या. "पाठीच्या कण्याच्या या घरात शिरायला दोन चिठ्ठ्या लागतात. हिच्याकडे एकच आहे. त्यात मुलगी, आणि इतक्या लहानपणी सुरुवात. हे घर जास्त करून मोठ्या मुलग्यांचं. आई-वडिलांत, भावंडांत कुणाला असा त्रास असता, तर ती दुसरी चिठ्ठी झाली असती आणि मी आजच औषध बदललं असतं. खुब्याला फार वेळ देता येत नाही. एकदा झिजला की झिजला."

मग त्यांनी एक कागद दिला. घरी नीट आठवून भरा, म्हणाल्या, दोन आठवड्यांनी घेऊन या. वडील, आई, भावंडं, आजोबा, आजी, काका, आत्या. खाली आईकडचे आजोबा, आजी, मामा, मावशी. प्रत्येकापुढे एक ओळ.

आजीला लिहिता येत नव्हतं आणि माझं अक्षर चांगलं. म्हणून शेडमध्ये, कालवांच्या वासात, मी पाटावर कागद घेऊन बसले. आजी सुरी चालवत सांगत होती.

"तुझे आजोबा. खणखणीत. बुडाले नसते तर अजून असते. लिही, काही नाही. मोठा काका. काही नाही. आत्या. जीभ लांब आहे, तो आजार धरतात का? नाही ना? मग काही नाही."

"आणि हे खालचे?"

"ते बाहेरचे."

आमच्याकडे आईच्या माहेराला असंच म्हणतात, बाहेरचं घर. बाहेरची आजी, बाहेरचे आजोबा. त्यात वाईट कुणाला वाटत नाही, आईलाही नाही. आडनाव दुसरं, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या दुसऱ्या देव्हाऱ्यात.

"पोर त्साई आहे," आजी म्हणाली. "परक्या घराच्या ओळी आपण कशा भरायच्या? कोऱ्या ठेव."

मी कोऱ्या ठेवल्या. पण एक ओळ उरली. 'आई.'

मी मान वर केली. आई माझ्याकडेच बघत होती. सुरी थांबली होती. मी लिहिलं, काही नाही. आईची सुरी पुन्हा चालू झाली.

त्या संध्याकाळी आ-थोंग मागच्या पायरीवर बसली होती. पायरी उतरायची तर आधी डावा पाय, मग खुब्याला हात, मग उजवा. म्हणून ती उतरतच नव्हती. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते.

"ताई, बांधाच्या त्या टोकाला काय आहे?"

"काही नाही. पाण्याची झडप."

"तू आणि आई तिथपर्यंत जायचात ना? मी खिडकीतून बघायचे. तुम्ही धुक्यात गेलात की दिसायचं बंद व्हायचं. मग मी आकडे म्हणायचे, तुम्ही येईपर्यंत."

"तू जागी असायचीस?"

"रोज." तिने ओठ काढला. "आई तुला फिरायला न्यायची. माझ्याकडे येते ती गुडघ्याकडे येते. गुडघा बरा असला की उठून जाते. एकदा मी दुखत नसताना पण दुखतंय म्हटलं."

"मग?"

"ओळखलं तिने. म्हणाली, ताईसारखं करू नकोस."

माझ्या हातातले दाणे एकदम सगळे पडले आणि कोंबड्या तुटून पडल्या. तीन वर्षं मी जिचा हेवा करत होते, ती खिडकीत बसून माझा हेवा करत होती. मला दया आली म्हणावं, तर ती खरी गोष्ट नव्हे. मला वाटलं, हिच्यापेक्षा मी श्रीमंत आहे. अजूनही आहे. आणि श्रीमंत माणसाला जशी एकाएकी देण्याची ऊर्मी येते, तशी मला आली.

मी आत गेले. 'आई'समोरचं 'काही नाही' खोडलं आणि लिहिलं: पाठ पहाटे ताठ, चालल्यावर मोकळी, सहा वर्षांपासून मला माहीत. डावा डोळा लाल, उजेड सोसत नाही, आतापर्यंत सात वेळा. मामासमोर लिहिलं: पुढे वाकलेला, मान वळत नाही. अक्षर चांगलं काढलं. मग कागदाची घडी करून दप्तरात ठेवली आणि दोन आठवडे ती उघडली नाही. परत खोडावंसं रोज वाटलं.

डॉक्टर ल्यांगनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग आईला विचारलं, "डोळा सात वेळा लाल झाला?"



"कुणाचा डोळा?" आजी म्हणाली.

"पहाटे पाठ आखडते? चालल्यावर बरं वाटतं, पडून राहिलं की वाढतं?"

 आईने हळूच होकारार्थी मान हलवली.

आजीने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे. "म्हणजे ते बूट!" ती ओरडली. "भोपळे म्हणत होते मी पोरीच्या पायांना! अगं बये, तेरा वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून कालवं फोडतेस, आणि पाठ दुखते म्हणाली नाहीस? मी काय वाघीण आहे?"

"आहात," आई म्हणाली.

आईने आजीला दिलेलं ते पहिलं उत्तर.  डॉक्टरबाईंनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर हात धरला.

त्याच दिवशी आईच्या पाठीचा फोटो निघाला, रक्त तपासायला गेलं. खूण तिच्यातही होती. कण्याच्या तळाशी सांधे धरू लागले होते. आ-थोंगचं तक्त्यावरचं घर बदललं, औषध बदललं. पिवळ्या गोळ्या गेल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, आम्ही जनुकांच्या अभ्यासासाठी अख्ख्या कुटुंबांचं रक्त गोळा करतोय, देता का? आईने माझाही हात पुढे केला.

बसमध्ये आई माझ्याशेजारी बसली, पण माझा हात तिने धरला नाही. उतरताना फक्त म्हणाली, "ते आपल्या दोघींचं होतं ना गं?"

मला सांगता आलं नाही, की म्हणूनच ते मला देता आलं.  पुढचे कित्येक दिवस ती माझ्याशी जेवण वाढण्यापुरतं बोलली.

आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. इस्पितळाने आईला आणि आ-थोंगला व्यायाम शिकवले, दोघींना सारखेच. दोघींच्या चटया शेजारी शेजारी. पाय वर, श्वास सोडा, पाय खाली. "आई, तू फसवतेस, तुझा पाय कमी वर गेला!" "माझा म्हातारा आहे, तुझा कोवळा आहे." खिदळणं. इस्पितळाच्या तारखाही एकाच दिवशी, दोघी एकाच बसने. मी शेडमध्ये आईच्या स्टुलावर, आजीजवळ.

"तोंड का वाकडं?" आजी म्हणायची. "बहीण बरी होतेय, तर पोरीचं तोंड बघा, कालव आंबल्यासारखं."

आ-थोंग खरंच बरी होत होती. दोन महिन्यांत सूज उतरली, चौथ्या महिन्यात ती मागची पायरी न धरता उतरली. मी ते बघितलं. आनंद झाला, आणि आनंदाच्या आत ते जुनं, कडू, तसंच बसलेलं. आईकडे आता दोन आजारी होत्या, एक ती स्वतः. माझ्यासाठी त्यात जागाच नव्हती. एक आशा मात्र मी मनात धरली होती. माझ्याही रक्तात ते सत्तावीस निघावं. रोज पहाटे उठताना मी पाठ तपासायचे, आखडली का, आखडली का. पाठ मेली लवलवती.

निकालाला आईने मला सोबत नेलं. आजी त्या दिवशी आलीच नाही, "बाहेरच्यांचं रक्त, मी काय करू?" म्हणाली, पण आम्ही निघताना खुन-शान मामाला देण्यासाठी वाडगाभर कालवं बांधून दिली.

डॉक्टर ल्यांगनी कागदावर पट्ट्या काढल्या. "प्रत्येक मुलाला दोन पट्ट्या मिळतात. एक आईची, एक वडिलांची. आईकडे स्वतःच्या दोन असतात, त्यांतली कुठली द्यायची हे कुणाच्या हातात नसतं. तुमच्या एका पट्टीवर बी-२७ आहे. ती आ-थोंगला गेली. मोठीला गेली नाही. मोठी मोकळी आहे."

आईने डोळे मिटले. तिचे खांदे इतके खाली आले, की इतके दिवस ते वर होते हे मला तेव्हा दिसलं. "सुटलीस गं बाई," ती म्हणाली. "सुटलीस." आणि माझ्याकडे बघितलं, तर मी रडत होते.

"अगं, रडतेस कशाला वेडे? ऐकलंस ना, तुला नाहीये!"

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"तुझं होतं ते. तिला मिळालं."

"पाठ काय दागिना आहे का, वाटून घ्यायला?"

"मला हवं होतं," मी म्हटलं. तेरा वर्षांची घोडी, हुंदके देत. आ-थोंग डोळे मोठे करून बघत होती.

  आईने डॉक्टरबाईंच्या पुढ्यातला कागद स्वतःकडे वळवला. आकडे तिला कळत नव्हते, तरी बोट फिरवत राहिली.

"डॉक्टरबाई, हिची कुठली?"

"ही. तुमची दुसरी पट्टी."

"ही पण माझीच?"

"तुमचीच. दोघी मुली सारख्याच, निम्म्या तुमच्या, निम्म्या वडिलांच्या."

"मग या पट्टीवर काय आहे?"

डॉक्टर ल्यांग जरा अडखळल्या. "खास असं काही लिहून येत नाही. आम्ही आजाराच्या खुणा शोधतो. जे निरोगी असतं त्याकडे, खरं सांगायचं तर, कुणी फारसं बघत नाही."

आईचं बोट त्या पट्टीवर थांबलं. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. गुडघ्याकडे नाही, पाठीकडे नाही. माझा चेहरा, माझे कान, पुसून लाल झालेलं नाक. जणू मी आत्ताच कुठल्या तरी लांबच्या जहाजावरून उतरले होते.

आ-थोंगने तिची बाही ओढली. "आई, चल ना. बस जाईल."

"थांब जरा," आई म्हणाली.